कर्णबधिर नायक आणि दोन मुलांचं प्रेम: 'हिदामारी गा किकोएरु' मला एवढा जवळचा का?

शेवंती

तिशीत माझा उजवा कान जवळजवळ गेला. डावाही आता कमीच. त्यानंतर सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य म्हणजे "अगं काही नाही, जाऊ दे." सगळे हसतात, मी "काय झालं?" विचारते, आणि उत्तर हे. दोन-तीनदा असं झालं की माणूस विचारणंच सोडतो.

युकी फुमिनोच्या 'हिदामारी गा किकोएरु' या मांगामधला, म्हणजे जपानी चित्रकथेतला, कोहेई सुगिहारा नेमका तिथेच येऊन थांबलाय. शाळेत असताना त्याचं ऐकणं गेलं. आता तो कॉलेजात आहे, थोडंफार ऐकू येतं, बोलतोही स्वच्छ, त्यामुळे लोकांना वाटतं हा शिष्ट आहे. वर्गातल्या नोट्स घ्यायला त्याला कुणीतरी लागतं. ताइची सागावा हे काम पत्करतो ते रोजच्या डब्याच्या बदल्यात! सदा भुकेला, आवाज खणखणीत. आणि तो कोहेईला रागावून सांगतो की ऐकू येत नाही यात तुझी चूक नाही, कळेपर्यंत परत परत विचार. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि रडले.

२०१४ साली पहिला खंड आला, २०१७ मध्ये चित्रपट, २०२४ मध्ये मालिका. दोन्ही नायक मुलगे आहेत, आणि कुणी कुणावर उपकार करत नाही. कर्णबधिरांच्या प्रेमकथेत बहुतेकदा एक नाजूक, शांत, सोशिक जीव असतो आणि त्याला जगात आणणारा दुसरा. 'युबिसाकी तो रेनरेन' ही दुसरी मांगा-प्रेमकथा त्याच वळणाची वाटली. त्यातली नायिका युकी गोड, नायक इत्सुओमी देखणा, तीन भाषा बोलणारा, भेटल्यावर लगेच तिच्या डोक्यावर हात ठेवणारा. माझ्या मते त्यात बहिरेपण सजावटीचं झालंय. 'हिदामारी'त ते दमवतं, एकटं पाडतं, भांडायला लावतं. म्हणून मला तो मांगा या प्रकारातला सर्वोत्तम वाटतो.

करपल्लवी

शेवंतीताई, सजावट म्हणालात ते मला लागलं. मी जन्मापासून बहिरी आहे. सांकेतिक भाषा माझी पहिली, मराठी नंतर शाळेत आली. कोहेई तुमचा आहे, माझा नाही. तो बोलतो, श्रवणयंत्र लावतो, ऐकणाऱ्यांतच वाढलाय. त्याचं दुःख हरवलेल्या आवाजाचं आहे. माझं काहीच हरवलेलं नाही.

युकी जन्मतः बहिरी आहे आणि हातांनी बोलते. सू मोरिशिता या नावाने काम करणाऱ्या जोडीने २०१९ पासून पानापानावर ते हात काढलेत, बोटं कुठे वळतात ते दिसतं. तिचा बालमित्र ओउशी तिच्यासाठी ही भाषा शिकला, आणि त्या दोघांची भांडणंही हातांनीच होतात. प्रेमकथेची नायिका माझ्या भाषेत चिडताना मी त्याआधी पाहिली नव्हती.

जपानमध्ये ही छोटी गोष्ट नाही. १९३३ साली तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी, इचिरो हातोयामांनी, मूकबधिर शाळांच्या मुख्याध्यापकांपुढे तोंडी बोलण्याच्या शिक्षणाचा आग्रह धरला. पुढे कितीतरी वर्षं मुलांना वर्गात हात वापरू देत नसत. ओसाकाच्या शाळेचे कियोशी ताकाहाशी त्याविरुद्ध उभे राहिले, त्यांच्यावर ओसामु यामामोतोंचा आख्खा मांगा आहे. कायद्यात या भाषेला 'भाषा' म्हटलं गेलं ते २०११ मध्ये. शेवंतीताई, ज्यांच्या हातांना बंदी होती त्यांच्यासाठी पानावर आलेले हात सजावट कसे असतील?

ओठ वाचणं म्हणजे काय तेही आरशासमोर करून बघा. पाय, माय, बाय. तिन्ही ओठांवर एकच. जपानी लोक 'तामागो' आणि 'ताबाको'चं उदाहरण देतात, अंडं की सिगारेट.

अनवट

तुम्हा दोघींची चर्चा बहिरेपणावरच चाललीय, आणि तेच माझं म्हणणं आहे. मी समलिंगी आहे. 'हिदामारी'त बहिरेपणाला अभ्यास आहे, तपशील आहे, संस्था आहेत. समलिंगी असण्याला काय आहे? पहिला खंड बराचसा मैत्रीचाच. घरी काय सांगायचं, उद्या एकत्र राहायचं कसं, या प्रश्नांना बहिरेपणाच्या प्रश्नांइतकी जागा कधीच मिळत नाही.

ही तक्रार जुनी आहे. १९९२ मध्ये मासाकी सातो या समलिंगी कार्यकर्त्याने एका स्त्रीवादी नियतकालिकात लिहिलं होतं की बायकांनी बायकांसाठी रचलेल्या या पुरुष-पुरुष कथांत आमचं जगणं नाही, आम्ही नुसती बघण्याची वस्तू आहोत. त्यावर पुढे मोठा वाद झाला. मांगाकार गेंगोरोह तागामे स्वतः समलिंगी. त्यांचा 'ओतोतो नो ओत्तो' वाचा. मेलेल्या भावाचा कॅनडातला नवरा घरी येतो आणि नायक याइचीला शेजाऱ्यांपुढे त्याची ओळख काय करून द्यायची ते सुचत नाही. ती अडचण मला ओळखीची आहे. साप्पोरोच्या न्यायालयाने २०२१ मध्ये समलिंगी विवाह नाकारणं घटनाविरोधी म्हटलं, तरी तिथे तो कायदा अजून नाही. अशा देशातल्या दोन मुलांच्या प्रेमात हा ताण न येणं मला खोटं वाटतं.

मोरपंखी

अनवट, तुमच्याशी असहमत. प्रत्येक समलिंगी गोष्टीत समाज, घर, कायदा यायलाच हवा का? मुलगा-मुलीच्या प्रेमाला आपण हे विचारत नाही. दोन मुलांना डबा वाटून खाताना प्रेम व्हावं आणि कुणी बोट दाखवू नये, एवढं सुख माझ्या धाकट्या भावाला मिळावं असं मला फार वाटतं. तो तेवीस वर्षांचा आहे आणि तो हाच मांगा उशाशी ठेवतो.

अनवट

तुमच्या भावासाठी खरंच बरं वाटलं. पण मी तेवीस वर्षांचा असताना मला सुखापेक्षा शब्द हवे होते. आईला सांगायचे शब्द. ते तागामेंकडे मिळाले.

शेवंती

अनवट, तुमचं मान्य आहे. मी कोहेईत स्वतःला शोधत होते, त्यामुळे दुसरी बाजू किती फिकी रंगवलीय ते नजरेतून सुटलं. तरीही मी त्याला खोटं म्हणणार नाही. "परत सांग" हे न लाजता म्हणता येईल असं माणूस सापडणं हेच माझ्यासाठी प्रेम आहे, मग ते कुणाचंही असो.

करपल्लवी, 'सजावट' शब्द मागे घेते. पण इत्सुओमीचं ते डोक्यावर हात ठेवणं मला अजूनही खटकतं. परवानगी न घेता केलेला स्पर्श आहे तो.

करपल्लवी

मलाही खटकलं होतं. ऐकणारे लोक आम्हाला बोलवायला कुठेही हात लावतात. खांद्यावर हलकेच टकटक करायची असते, किंवा दिवा उघडझाप करायचा. पण तो इत्सुओमी नंतर भाषा शिकायला लागतो, तेव्हा त्याच्या चुका नीट काढल्यात. हात अडखळतात, खूण अर्धवट राहते, आणि युकी हसत नाही, थांबून वाट बघते. ते भाग परत वाचा. मी 'हिदामारी'चा दुसरा खंड मागवलाय.