एकाच संपवर दुसरी रीफ टाकी जोडायची आहे, मध्ये भिंत

रावपुरा_रीफ:
बडोद्यात रावपुऱ्यात तळमजल्यावर राहतो. हॉलमध्ये १२०×५०×५० सेंमीची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, चार वर्षं झाली. तिच्याखाली संप, म्हणजे गाळणीची टाकी: वरचं पाणी ड्रेनच्या पाइपने तिथे उतरतं आणि पंप ते रिटर्न पाइपने परत वर चढवतो. आत झोअँथिड, मशरूम, एक मोठं लेदर कोरल (सगळे पोवळ्यांच्या जातीचे मऊ जीव) आणि क्लाउनफिशची जोडी. दगडी पोवळी ठेवत नाही, १९७२च्या वन्यजीव कायद्यात ती अनुसूची १ मध्ये आहेत. आजी रोज संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची घेऊन बसायची, आता तिला हॉलपर्यंत चालवत नाही. म्हणून भिंतीपलीकडे तिच्या खोलीत ६०×४५×४५ची टाकी ठेवायची आहे. पलंगावरून दिसायला हवी, म्हणजे स्टँड फक्त ३० सेंमी.

वेगळा स्किमर (फेसाने घाण काढणारा) आणि चिलर (पाणी थंड ठेवणारा) परवडणार नाही, आणि मे महिन्यात एवढी लहान टाकी चिलरशिवाय टिकणार नाही. भिंतीला भोक पाडून हॉलच्या टाकीखालच्या संपलाच जोडायचं मनात आहे. संप ९०×४०×४०, चालू असताना पाणी २२ सेंमी. गेल्या जूनमध्ये लाइट गेली तेव्हा रिटर्न पाइपचं सायफन तोडायचं भोक (पंप थांबला की यातून हवा शिरते आणि टाकीतलं पाणी उलटं खाली ओढलं जाणं थांबतं) कोरलाइनने, म्हणजे कठीण शेवाळाने, बुजलेलं निघालं आणि हॉलभर खारं पाणी झालं. तेव्हापासून धास्ती आहे. एका पंपाला टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन फाटे काढले तर चालेल का?

खारेपाणी:
टी नको. आजींची टाकी खाली आहे, पाणी सोप्या वाटेने तिकडेच जास्त जाईल. व्हॉल्व्हने दाबून बसवता येतं, पण लाइट गेली आणि पंपावर चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) असेल, तर हॉलचं पाणी त्याच फाट्याने आजींच्या टाकीत उतरायला लागेल. दोन लहान पंप घ्या, दोन वेगळे पाइप. एक बंद पडला तरी दुसरी टाकी चालू राहते.

आता लाइट गेल्यावर संपात परत येणाऱ्या पाण्याची जागा. ३६ सेंमीपर्यंत भरू दिलं तर संपात ५० लिटर मावतात. नोझल, म्हणजे रिटर्न पाइपांची तोंडं, पाण्यात ५ सेंमी खोल असतील तर हॉलचे ३० आणि नव्या टाकीचे साडेतेरा लिटर परत येतात, वर पाइपातलं पाणी. फार जवळ जातंय. नोझल २ सेंमीवर आणा, मग साडेसतराच लिटर येतात. सायफन तोडायच्या भोकावर भरवसा ठेवू नका, तुम्ही भोगलंच आहे.

सगळ्यात मोठा धोका मात्र उलटा आहे. आजींच्या टाकीचा ड्रेन गोगलगाईने अडला तर पंप रिटर्न कप्पा (संपातला पंपाचा कप्पा) रिकामा होईपर्यंत पाणी वर ढकलत राहतो. कप्प्यात २० लिटर असले तर त्या टाकीत साडेसात सेंमी चढतं. त्यात ऑटो टॉप-अप (संपातली पातळी उतरली की भर घालणारा) गोडं पाणी ओततच राहतो. म्हणून ड्रेन दोन ठेवा: एक गेट व्हॉल्व्ह लावून पूर्ण सायफनवर (हवेशिवाय भरून वाहणारा), दुसरा थोडा उंच, एरवी कोरडा, पहिला अडला तरच वाहणारा, त्याला व्हॉल्व्ह अजिबात नको. संपात सायफनचं तोंड दोन-तीन सेंमीच बुडवा, जास्त बुडलं तर हवा निघत नाही. आणि हॉलचा ड्रेन आजींच्या टाकीतून फिरवून आणू नका, दोन्ही सरळ संपात.

इंदूर_समुद्र:
पाणी एक म्हणजे आजारही एक. नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दोन्हीकडे जाईल, आणि त्यावरचं तांब्याचं औषध या पाण्यात कधीच घालता येणार नाही, कोरल मरतील. लेदर कोरल पाण्यात विष सोडतं, ते आता आजींच्या टाकीतल्या झोअँथिडनाही लागेल. ते शोषून घेणारा कार्बन चालू ठेवा.

रावपुरा_रीफ:
खारेपाणी काका, मनापासून आभार. चेक व्हॉल्व्हचं माझ्या डोक्यातही नव्हतं. दोन पंपच घेतो. आधी संपच्या जागी टब ठेवून साध्या पाण्यावर नवी टाकी चालवतो आणि स्विच दहा वेळा बंद करून बघतो. कोरडा ड्रेनही मुद्दाम सायफन बंद करून तपासेन. आजीच्या उशीवर डोकं ठेवून माप घेतलं, काचेचा मध्य ५२ सेंमीवर येतो, तिला मान वळवावी लागणार नाही. भिंत नऊ इंची विटांची आहे. भोक ५० सेंमीवर पाडलं तर ड्रेनला संपपर्यंत पुरेसा उतार मिळेल ना?

खारेपाणी:
मिळेल. पाइप ३२ मिमीचा घ्या, काटकोनी एल्बो टाळा, दोन ४५ अंशांचे लावा. भिंतीत मोठ्या पाइपचं स्लीव्ह बसवा, म्हणजे पुढे ड्रेन बदलायचा झाला तर भिंत पुन्हा फोडावी लागणार नाही.