'कारागीर मिळत नाही' म्हणणाऱ्या दुकानदार भाऊंना

दारव्हा_रिवाइंडिंग :
काल इथं एका दुकानदार भाऊंनी लिहिलं, "तीन महिन्यांपासून वायंडर, म्हणजे मोटारीची जळकी तार काढून नवी भरणारा, शोधतो. आजकालच्या पोट्ट्यांना काम नको, मोबाईल पाहिजे." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

बावीस वर्षांपासून माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याआधी नऊ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली होतो. पहिली दोन वर्षं फक्त जळकी तार ओढून काढणं, तार बसते ते स्लॉट, म्हणजे खाचा, घासणं, पेपर कापणं. कोणत्या मोटारीला कोणत्या गेजची, म्हणजे जाडीची, तार, तिचे किती टर्न, म्हणजे वेढे, ती वही उस्ताद कुलपात ठेवायचा. माझी वही टेबलावर उघडी असते. पाच पोरं शिकली, तीन गेली, दोन टिकली. टिकली, कारण पावसाळ्यात मी पगार बंद करत नाही. हरभरा-गव्हाचं ओलीत सुरू झालं की दिवसाला सात-आठ मोटारी येतात, पावसाळ्यात आठवड्याला दोन. बहुतेक दुकानदार जूनमध्ये पोराला म्हणतात, "दिवाळीनंतर ये." दिवाळीपर्यंत ते पोरगं पुण्याजवळ चाकणला कंपनीत पोचलेलं असतं. मग ओरडता कायले?

कॉपरवायर :
ते पोस्ट माझंच होय. मीही चौघांना शिकवलं. एकानं माझ्याच दुकानासमोर टिनाचं शेड टाकलं आन् माझेच गिऱ्हाईक फोन करकरून नेले. वही उघडी ठेव म्हणणं सोपं हाय बाप्पा. आयटीआयवाला दोन वर्षं शिकून येते, कागदावर स्टार-डेल्टा जोडणी मस्त काढते, पण ५ एचपीच्या सबमर्सिबलमध्ये, बोअरच्या पाण्यातल्या मोटारीत, कॉइल भरताना पॉली वायर, म्हणजे प्लास्टिकच्या वेष्टणाची तार, खरचटून ठेवते. मोटार बोअरमध्ये उतरली आन् दुसऱ्या दिवशी जळली. दोनशे फुटांवरून पुन्हा काढायचा खर्च मी भरला.

आयटीआय_मास्तर :
तार महाग आहे. वर्गात तीच कॉइल उकलून पुन्हा भरायला लावतो आम्ही. हात दुकानातच बसतो. शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या ना, स्टायपेंडचा पाव हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं.

दारव्हा_रिवाइंडिंग :
सर, त्याला निदान चार माणसांचं दुकान लागतं. आम्ही तिघं आहोत. तालुक्यातली बहुतेक दुकानं अशीच.

चाकणवाला_नेरचा :
दिवाळीपर्यंत चाकणला पोचलेलं पोरगं म्हणजे मी. गावी दुकानात ९ हजार होते, इथं ठेकेदाराकडं १६. खोली न् मेस गेली की हातात सारखेच उरते. मग काहून आलो? लग्नासाठी. तीन ठिकाणी पोरगी पाहिली. वायंडिंगच्या दुकानात कामाले हाय म्हटलं की पुढं निरोपच नाही. "पुण्याले कंपनीत" म्हटलं आन् चौथ्या ठिकाणी जमलं. हातातलं काम तेच, पोरगं तेच.

कॉपरवायर :
हे खरं बोलला. अरे, मी मालक असून माझ्या पोराले पोरगी भेटून नाही राहिली! घर हाय, चार एकर हाय. पोरींच्या बापांनीच गावं रिकामी केली.

वऱ्हाडची_लेक :
झालं, आला बापावर दोष. माझ्या बहिणीनं कारागिराशीच लग्न केलं. भाऊजी खांबावरून पडले, उजवा हात कामातून गेला. मालकानं दवाखान्याचे तीन हजार दिले, नंतर फोन उचलला नाही. आज ती लोकांच्या वावरात निंदायला जाते. पोरीचा बाप पुणे पाहत नाही. पोरगं पडलं तर घर कोण चालवेल, ते पाहतो.

कॉपरवायर :
म्हणजे सगळे मालक चोर? ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याला, दहा माणसं लागतात, ताई. मी कुठून आणू?

वऱ्हाडची_लेक :
चोर नाही म्हटलं. बँकेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा निघतो. त्याला दहा माणसं लागत नाहीत. तुमच्या कोणत्या माणसाचा काढलाय?

सौरपंप_आर्णी :
भांडा तुम्ही. आमच्या गावात सौर पंप बसले, पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडं. कोणतं पोट्टं वायंडिंग शिकेल आता?

दारव्हा_रिवाइंडिंग :
सौर पंपालाही मोटार असते, भाऊ. पाच वर्षं झाली की ती कुठं नेणार? मी आत्ताच त्याचा कंट्रोलर खोलून शिकतोय, दोन्ही पोरांना सोबत बसवून. आन् ताई, विमा माझ्याही पोरांचा नाही. ही चूक माझी. सोमवारी दोघांना घेऊन बँकेत जातो.

चाकणवाला_नेरचा :
पावसाळ्यात पगार देणारा कोणी नेरमध्ये असेल तर सांगा. मी १२ हजारांवर येतो. बायको तयार हाय, सासऱ्याले समजावतो.

कॉपरवायर :
नेरहून माझं दुकान अर्ध्या तासावर हाय. पावसाळ्यात अर्धा पगार देईन, पुरा नाही जमत. विमा काढतो. वही मात्र कुलपातच राहीन.

चाकणवाला_नेरचा :
वही नका देऊ. माझ्याजवळ माझी हाय.