गॅदरिंगमधलं नाटक कथेत कसं आणावं?

प्रश्न: सांगलीत आठवीत असताना गॅदरिंगच्या नाटकात मी प्रॉम्प्टर होते. विंगेत टॉर्च घेऊन बसायचं, बस्स. त्यावर कथा लिहितेय, पण सगळं 'काय धमाल यायची' छापाचं होतंय. काय करू?

– धमाल काढून टाका, विंगेतून दिसतं तेवढंच लिहा. प्रेक्षकांना अफजलखान दिसतो; तुम्हाला त्याच्या अंगरख्याची सेफ्टी पिन आणि दाढी चिकटवायच्या स्पिरिट गमने लाल झालेली हनुवटी.

– खान वाक्य विसरतो आणि प्रॉम्प्टर मुद्दाम गप्प बसते. का, ते शोधा. (आमच्या वेळी कारण होतं डब्यातले लाडू!)

– सांगली म्हटलं की विष्णुदास भाव्यांचं १८४३चं 'सीतास्वयंवर', मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक, आलंच, पण ते कथेत कोंबू नका हं.

प्रश्नकर्ती: भावे नकोत, लाडू घेते!