उलमानचा ऑपेरा

संगीतकार व्हिक्टर उलमानने नाझींच्या तेरेझिन छळछावणीत (आजच्या चेक प्रजासत्ताकात) 'अटलांटिसचा सम्राट' हा ऑपेरा लिहिला. छळछावणीत ऑपेरा लिहू दिला म्हणजे नाझी तिथे जरा बरे वागत असतील का, असा प्रश्न पडतो, तर तसं अजिबात नाही हो. तेरेझिन ही जगाला दाखवायची छावणी होती, जून १९४४ मध्ये रेडक्रॉसवाले येणार म्हणून रंगरंगोटी वगैरे करून घेतली आणि त्याआधी गर्दी कमी दिसावी म्हणून हजारो लोक आउशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवले.

व्हिक्टर उलमान तिथे सप्टेंबर १९४२ ला गेला. त्याच्या ऑपेरात (लिब्रेटो म्हणजे संहिता पेटर कीनची) सम्राट सर्वांविरुद्ध युद्ध पुकारतो तेव्हा साक्षात मृत्यूच संपावर जातो, मग कोणी मरेचना! त्यात जर्मन राष्ट्रगीताची चाल मायनरमध्ये (उदास वाटणाऱ्या स्वरांत) वाकडी करून घातलीय, काय हिंमत बघा. वाद्यं मोजकीच, त्यात बँजो, सॅक्सोफोन आणि चक्क हार्मोनियम पण (आपल्या पेटीसारखी नाही, पायाने भाता मारायची).

तालमी झाल्या पण तिथे प्रयोग काही झाला नाही. ऑक्टोबर १९४४ ला उलमान आणि कीन दोघांनाही आउशविट्झला नेलं. जाण्याआधी उलमानने हस्तलिखितं छावणीतल्या लायब्ररीवाल्याकडे, एमिल उटिट्झकडे दिली म्हणून वाचली. पहिला प्रयोग थेट १९७५ ला, अ‍ॅम्स्टरडॅममध्ये.