भावाची गोळी कळली की डॉक्टर पोट तपासायचं थांबतात. औषध लपवावं का?

भांडुपची_ताई:
धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन घेतो. तब्येत स्थिर आहे, दुकानात हिशेब लिहितो. मध्यंतरी पोट फुगलं, शौचाला होईना, उलट्या सुरू. रात्रीच कॅज्युअल्टीत नेलं. डॉक्टर नीट विचारपूस करत होते. मी औषधांची चिठ्ठी दाखवली आणि त्याच्याशी बोलणंच बंद! मला विचारतात, "हे नेहमी असं करतात का?" तो समोर बसून सांगतोय, "डॉक्टर, गॅससुद्धा सरकत नाही." झोपेचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. सकाळी दुसरीकडे एक्स-रे काढला, तर आतड्यात मळ अडकलेला. अ‍ॅडमिट करावं लागलं. आता बरा आहे, पण म्हणतो, पुढच्या वेळी दुखलं तरी सांगणार नाही. मला त्याचीच धास्ती वाटते.

परळची_सिस्टर:
लपवू नका, ताई. क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंदावते, दुर्लक्ष झालं तर जिवावर बेततं. चिठ्ठी देतानाच सांगा, "या गोळीने आतडं बंद पडू शकतं, आधी ते बघा." मानसोपचारतज्ज्ञांकडून हेच लेटरहेडवर लिहून घ्या, फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. शौचाचं रोज विचारत जा, लाजू नका. आणि ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी. या औषधाने पांढऱ्या पेशी घटू शकतात.

वडाळा_लोकल:
मी बायपोलर (मन कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार), त्यासाठी लिथियमच्या गोळीवर. पाठदुखीवर कुणीतरी आयब्युप्रोफेन दिली. हात थरथरायला लागले, चालताना तोल जायचा. "टेन्शन घेताय," म्हणाले. मी हट्टाने रक्तातल्या लिथियमची लेव्हल करून घेतली, वाढलेली निघाली. त्या दोन गोळ्या एकत्र घेतल्या की असं होऊ शकतं. ताई, डॉक्टर तुमच्याकडे वळले की "त्यालाच विचारा" म्हणा. आपलं दुखणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं फार लागतं हो.

कायद्याचं_बोला:
मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २१: शारीरिक आजाराच्या रुग्णाला मिळते त्याच दर्जाची तातडीची सेवा मानसिक आजार असलेल्यालाही मिळाली पाहिजे. त्या रात्रीच्या केस पेपरची प्रत घ्या आणि हॉस्पिटलच्या प्रमुखांकडे लेखी तक्रार द्या. पोच घेतल्याशिवाय निघू नका.

भांडुपची_ताई:
सिस्टर, ते पत्र मराठीत चालेल की इंग्रजीतच हवं? भाऊ म्हणतोय, मलाही वाचता आलं पाहिजे.

परळची_सिस्टर:
दोन्हीत घ्या. एक प्रत त्याच्या खिशात राहू दे.