इतके श्रोते असूनही गाण्यांची ॲप्स तोट्यात का जातात?

सूरवेडा
मी सात वर्षं वापरत होतो ते गाण्यांचं छोटं ॲप गेल्या महिन्यात बंद पडलं. जमवलेल्या सगळ्या याद्या गेल्या, त्यात एक फक्त आईसाठी केलेली होती. स्पॉटिफायसारख्या बलाढ्य कंपनीलाही २००८ मध्ये सेवा सुरू केल्यावर पूर्ण वर्षाचा पहिला नफा दिसायला २०२४ उजाडलं. लोक दरमहा पैसे भरतात, गाणी तर दुसऱ्यांनीच केलेली असतात. मग पैसा मुरतो कुठे?

जमाखर्च
गाणी दुसऱ्यांची आहेत, तिथेच मुरतो.

मी अशाच एका कंपनीत चार वर्षं रॉयल्टीचा हिशेब सांभाळला. आलेल्या पैशांतले साधारण दोन तृतीयांश लेबलं (रेकॉर्डिंग बाजारात आणणाऱ्या कंपन्या), प्रकाशक (गीत-चालीचे हक्क सांभाळणारे) अशा हक्कधारकांकडे जातात. उरलेल्यात सर्व्हर, पगार, जाहिराती. एरवी सॉफ्टवेअरच्या धंद्यात गिऱ्हाईक वाढलं की दरडोई खर्च उतरतो. इथे वर्गणी दुप्पट जमली की देणंही दुप्पट.

आम्हाला खरं बुडवलं ते किमान हमीने. करार करतानाच लेबलाला ठरावीक रक्कम कबूल करायची, धंदा होवो न होवो. माझ्या महिनाअखेरच्या तक्त्यात प्रत्येक लेबलापुढे दोन रकाने असत: वाट्याने निघणारी रक्कम आणि हमीची रक्कम. जी मोठी ती द्यायची. शेवटच्या आठ महिन्यांत वाट्याचा रकाना एकदाही मोठा निघाला नाही. रात्री उशिरापर्यंत बसून मी बेरजा पुन्हा तपासायचे, कुठेतरी माझीच चूक सापडावी म्हणून.

करार सोडायचीही सोय नाही. युनिव्हर्सल, सोनी, वॉर्नर या बड्या लेबलांपैकी एकाची जरी गाणी नसली, तरी लोक ॲप काढून टाकतात. आरडीओ नावाचं गाण्यांचं ॲप किती देखणं होतं! २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि त्याची मालमत्ता साडेसात कोटी डॉलरला पँडोरा या इंटरनेट रेडिओ कंपनीने घेतली.

तानपुरा
पण मी एकाच गायिकेला ऐकते. माझी वर्गणी तरी तिला पोचते ना?

जमाखर्च
बहुतेक ठिकाणी नाही, ताई. सगळ्यांची वर्गणी एकाच हौदात पडते आणि महिन्यात एकूण जितकी गाणी वाजली, त्यातल्या ज्याच्या-त्याच्या हिश्श्याने वाटली जाते. तुमची गायिका त्या मानाने कमी ऐकली जात असेल, तर तुमच्या वर्गणीतला मोठा भाग तुम्ही कधीच न ऐकलेल्यांना जातो. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळाही न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. नवख्याला पहिली कमाई दिसते ती तिथेच.

बासरी
ॲपल, ॲमेझॉनला फोन आणि बाकीचा माल विकता येतो, गाण्यांत तोटा आला तरी चालतो. नुसती गाणी ऐकवणाऱ्याने तगायचं कसं?

जमाखर्च
दर वाढवून. स्पॉटिफायने अमेरिकेत एकट्याच्या वर्गणीचा दर ९.९९ डॉलर ठेवला होता, तो २०२३ मध्ये १०.९९ केला. त्याच डिसेंबरात सुमारे १७ टक्के माणसं कमी केली. नफा दिसला तो त्यानंतर. छोट्यांकडे मात्र तितके दिवस तग धरण्याएवढा पैसा नसतो.

सूरवेडा, बंद झालेल्या ॲपवाल्यांना आजच मेल टाका. आम्ही बंद केल्यावर काही आठवडे याद्या सर्व्हरवर होत्या. ज्यांनी मागितल्या, त्यांना मी फाइल काढून दिली होती.

सूरवेडा
मेल टाकला. आईच्या यादीतली एकोणीस गाणी आठवून लिहून ठेवली आहेत, अजून बरीच राहिली आहेत.