हैतीत कॉलरा मदतीला गेलेल्यांकडूनच आला, मग पैसे द्यावेत का?

चिंचपोकळीकर:
मंडळी एक विचारायचंय. आमच्या ऑफिसात कॉलराच्या साथीसाठी परदेशातल्या एका संस्थेला वर्गणी काढायचं चाललंय, मी देणारच होतो पण रात्री हैती या कॅरिबियन देशाबद्दल वाचत बसलो आणि झोपच उडाली. जानेवारी २०१० ला भूकंप, लोक तंबूत, आणि ऑक्टोबरात कॉलरा आला तो म्हणे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या छावणीतून. जवळपास १० हजार माणसं गेली. खरंय का हे? आणि खरं असेल तर कशाला द्यायचे पैसे?

कोयनाकाठ:
खरंय. फक्त एक, शांतिसेना भूकंपासाठी गेली नव्हती, ती २००४ पासूनच तिथे होती. मिरबाले गावाजवळ नेपाळी तुकडीची छावणी होती, तिथलं संडासाचं पाणी ओढ्यात गेलं, तो ओढा पुढे आर्तिबोनीत नदीला मिळतो आणि खालच्या गावांचं पिणं, धुणं, भातशेती सगळं त्याच नदीवर. शंभरेक वर्षांत तिथे कॉलराची नोंद नव्हती, त्यामुळे कुणाच्या अंगात प्रतिकारशक्तीही नाही. यात नेपाळी जवानांना शिव्या देऊ नका, बिचाऱ्यांना कल्पनाही नसेल, दोष सांडपाण्याची सोय बघायची ज्यांची जबाबदारी होती त्यांचा. मला सगळ्यात चीड येते ती पुढच्याची. संयुक्त राष्ट्रांनी वर्षानुवर्षं हात झटकले, लोक न्यूयॉर्कच्या कोर्टात गेले तर आम्हाला कायद्याचं संरक्षण आहे म्हणून सुटले, आणि त्यांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली ती थेट डिसेंबर २०१६ ला, तीही 'आम्ही पुरेसं केलं नाही' इतपतच. ४० कोटी डॉलर उभे करू म्हणाले, त्यातले फार थोडे जमले. मी तरी नाही देणार.

सिस्टरताई:
कोयनाकाठ दादा, राग बरोबर आहे तुमचा पण पैसे नका अडवू हो. मी २२ वर्षं स्टाफ नर्स आहे. आमच्या भागात एका गावात पिण्याच्या पाइपात गटाराचं पाणी शिरलं होतं तेव्हा शाळेतच वॉर्ड केलेला. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. एक आजी सकाळी बैलगाडीतून आणल्या तेव्हा नाडी लागत नव्हती, दोन्ही हातांना सलाईन लावलं, आणि दुपारी उठून बसल्या, म्हणे चहा द्या. हे डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते, जोराच्या कॉलरात उपचार नाही मिळाले तर निम्मी माणसं जातात आणि वेळेत मिळाले तर शंभरात एकही जात नाही. हैतीतही क्युबाचे डॉक्टर होते, सीमाविरहित डॉक्टर (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या संस्थेचे लोक होते, त्यांनी हजारो लोक वाचवले, ते पण बाहेरचेच ना.

वाटसरू७१:
सिस्टरताईंना अनुमोदन. १९७१ ला पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, खायचा सोडा पाण्यात मिसळून ड्रममध्ये ठेवलं आणि नातेवाइकांनाच सांगितलं पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ च्या खाली आलं. आपली जलसंजीवनी ती हीच. पैसे कमी लागतात, लोक वेळेवर पोचायला पाहिजेत.

चिंचपोकळीकर:
बरं मग द्यायचे तर संस्थेला विचारायचं काय?

सिस्टरताई:
कॉलरा वॉर्डात खाटेला मधोमध भोक असतं आणि खाली बादली. त्या बादलीत क्लोरीन घालतात का आणि ती नेऊन ओततात कुठे, एवढंच विचारा. ज्यांचं काम चोख असतं ते खड्डा किती खोल, विहिरीपासून किती लांब, सगळं लगेच सांगतात.

चिंचपोकळीकर:
आत्ताच मेल टाकला, बादलीचाच प्रश्न पहिला लिहिलाय. उत्तर आलं की इथेच टाकतो, वर्गणी सोमवारपर्यंत थांबवायला सांगितलीये.